तक्रारीसाठी संपर्क

फोन वाजला तेव्हा तो एका कचेरीच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या बाजूला, एक गुडघा जमिनीला टेकवून मशीनसमोर बसला होता. मशीनचं काचेचं दार सताड उघडं होतं आणि तो स्प्रिंगच्या वेटोळ्यांत एकेक पाकीट सरकवत होता, आधीचं पुढे, ताजं मागे. कचेरीतली माणसं लिफ्टची वाट बघत त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत होती. फोन खांद्यानं कानाशी दाबून तो म्हणाला, “बोला.” हॅलो म्हणायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं. हा नंबर त्याच्या प्रत्येक मशीनच्या काचेवर चिकटवलेला होता, वर ठळक अक्षरांत ‘तक्रारीसाठी संपर्क’, आणि त्या नंबरावर फोन करणारं माणूस काही ख्यालीखुशाली विचारायला करत नसतं. मशीननं पैसे गिळले, पाणी कोमट आहे, नोट आत जाते आणि जीभ दाखवल्यासारखी बाहेर येते, असलंच काहीतरी असायचं.

“अहो मशीनवाले,” पलीकडून एक बाई म्हणाली, “तुमच्या मशीनमध्ये माझी बिस्किटं अडकलीत.”

“कुठलं मशीन?”

“हॉस्पिटलमधलं. तळमजल्यावरचं, एक्स-रेच्या बाहेर.”

“काचेवर हलकेच थाप मारून बघा.”

“मारली.”

“मग तोच आकडा पुन्हा दाबा, म्हणजे स्प्रिंग फिरून—”

“सगळं करून झालं. तुम्ही या,” बाई म्हणाली. “मी इथंच बाकावर बसते.”

फोन बंद झाला आणि त्याच्या हातातलं पाकीट हातातच राहिलं. आवाज वहिनीचा होता. म्हणजे असावा. आवाजाला थोडी घरघर आली होती, शेवटचा शब्द दमून खाली बसत होता, पण ‘तुम्ही या’ असं म्हणून पुढचं काही ऐकून न घेण्याची पद्धत तिचीच. आतल्या खोलीतून, ताट वाढल्यावर, ती तसंच म्हणायची. लहानपणी तो त्या हाकेवर जसा उठायचा तसा आत्ताही उठायला गेला आणि गुडघ्यात कळ उठली. तिनं आपल्याला ओळखलं का? काचेवर नाव नव्हतं, नुसता नंबर होता, आणि तो नंबरही अलीकडचा. एका अनोळखी मशीनवाल्याला एका अनोळखी बाईनं फोन केला, इतकंच झालं असेल. पण हॉस्पिटल. वहिनी आपल्या पायांवर उभी राहून बटणं दाबत होती, म्हणजे दुखणं तिचं नाही. मग कुणाचं, हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि उत्तरही त्याच्या पाठोपाठ आलं, तरी तो पुन्हा खाली बसला आणि राहिलेल्या दोन रांगा भरत बसला. उत्तर माहीत असलं की माणूस आधी हातातलं काम संपवतो. शेवटचं पाकीट सरळ बसलंय की नाही हे त्यानं दोनदा बोट लावून पाहिलं, दार लावलं, किल्ली फिरवली आणि रिकामी खोकी एकात एक घालून गाडीत टाकली.

गाडी चालवताना मागे खोकी आणि पाण्याच्या बाटल्या एकमेकांवर आपटत होत्या. रोजचा आवाज, पण आज तो अंगावर येत होता. दमणूक काही आजची नव्हती. हा धंदा काढला तेव्हा तो बायकोला मोठ्या ऐटीत सांगायचा, मशीन लावायचं, भरायचं आणि घरी येऊन पाय पसरून बसायचं. मशीन झोपत नाही. ते खरंच झोपत नव्हतं, पण मालकालाही झोपू देत नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकाचा थंडावा जायचा, दुसऱ्याचा दिवा मिणमिणायचा, तिसऱ्याच्या नाण्याच्या फटीत कुणीतरी च्युइंगम चिकटवून जायचं. “माणसं नकोत म्हणून मशीन घेतलीत,” बायको म्हणायची, “आता मशीनची दुखणी काढा.” गंमत अशी की माणसंही सुटली नव्हतीच. आनंदात असलेलं माणूस पाकीट उचलून चालू लागायचं. ज्याचं अडकलं तेवढंच त्याच्याशी बोलायचं. सगळ्या शहराचा चिडका आवाज तेवढा त्याच्या वाट्याला आला होता. शिव्या ऐकत ऐकत तो शांतपणे विचारायचा, कुठलं मशीन, कितवी रांग. दुसरं काही विचारायची त्याला सवय राहिली नव्हती.

विचारायचं काम दादाचं. दादा त्याच्याहून पुष्कळ मोठा. वडील लवकर गेले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी असलेलं दुकान दादाच्या अंगावर पडलं आणि दुकानाबरोबर हा धाकटा भाऊही. सगळे त्याला बारक्या म्हणायचे, केस पिकल्यावरही म्हणायचे. दुकान अरुंद होतं, दोन गिऱ्हाइकं आली की तिसरं पायरीवर. आणि पायरीवर नेहमी चारपाच जण असायचे, कारण दादा माल लवकर देतच नसे. कुणी साखर मागितली की आधी आईचा खोकला कसा आहे, मग साखर. साबण मागितला की पोराचा निकाल काय लागला, मग साबण. “गिऱ्हाईक आलं की आधी माणूस तोलायचा, मग माल,” असं तो बारक्याला शिकवायचा, आणि ते काही धंद्याचं गणित नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं असायचं. विचारून विचारून त्यानं कितीजणांना नोकऱ्या लावल्या होत्या, मोडत आलेली दोन लग्नं सांधली होती, आणि एका म्हाताऱ्याच्या बोलण्यातली जडपणाची खूण ओळखून त्याला दुकान उघडं टाकून डॉक्टरकडे नेलं होतं. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे. मागे चोंबडा म्हणायचे. दोन्ही एकाच तोंडानं म्हणायचे. बारक्या आतल्या अंगाला पुड्या बांधत बसलेला असायचा आणि ते सगळे प्रश्न त्याच्या डोक्यावरून रस्त्यात जायचे. कधीकधी त्याला वाटायचं, एखाद्यानं नुसती काडेपेटी मागावी आणि दादानं नुसती काडेपेटी द्यावी.

समोरच्या इमारतीत एक बाई राहायची. तिचा नवरा कामाला म्हणून बाहेर गेला तो परत आला नाही. पहिल्या दिवसापासून दादा तिला विचारू लागला, काही कळलं का, काही निरोप, आणि विचारताना त्याचे डोळे भरून यायचे, त्यात खोट अजिबात नव्हती. रोज विचारायचा. न कंटाळता विचारायचा. मग ती बाई दुकानात दिसेनाशी झाली. एकदा बारक्या कुठूनतरी परत येत होता, तर पुलावर ती समोरून आली, दोन्ही हातांत जड पिशव्या, घामानं केस कपाळाला चिकटलेले. पुलापलीकडच्या दुकानातून सामान घेऊन ती आपल्या गल्लीला मागून वळसा घालून जात होती. त्यानं पिशवी धरायला हात पुढे केला तर ती मागे सरकली. “दादांना सांगू नका हं,” ती म्हणाली. “फार चांगला माणूस आहे हो. पण मला विचारतात.” बस, इतकंच. बारक्याला ती बाई पुढे कित्येक वर्षं आठवत राहिली, दादासमोर पुड्या बांधताना तर हटकून आठवायची. दादाच्या चांगुलपणाला भिऊन एक बाई ओझी घेऊन पूल ओलांडते आहे, हे ह्या दुकानात फक्त आपल्याला माहीत आहे ह्या गोष्टीचं त्याला ओझंही वाटायचं आणि थोडा आनंदही.

पुढे एका परक्या गावी, गाडी चुकली म्हणून बसावं लागलेल्या दालनात, त्यानं ते मशीन पहिल्यांदा नीट पाहिलं. एक माणूस आला. चांगल्या कपड्यांतला, पोक्त, आणि रडून डोळे सुजलेला. त्यानं नाणी टाकली, बटण दाबलं, बाटली घेतली, तोंडावर पाणी मारलं आणि गेला. मशीननं त्याला काही विचारलं नाही. ते आपलं मंद घुमत राहिलं आणि आतला दिवा तसाच जळत राहिला. बारक्याला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की पुढची गाडीही त्यानं जवळजवळ चुकवली. ह्या जगात न विचारणारा एक दुकानदार हवा, हे त्याला कळलं होतं आणि आपल्याला कळलंय ह्याचाच त्याला धक्का बसला होता. तोवर दादाच्या हाताखाली वय उतरणीला लागायची वेळ आली होती. त्यानं एक वापरलेलं मशीन घेतलं, त्याची मोटर बदलली, काच बदलली, आणि एका कारखान्याच्या फाटकाशी ते उभं केलं. चार माणसांनी ते ढकलत आणलं. ते मशीन बघायला त्यानं दादाला हौसेनं बोलावलं.

दादा आला. धुतलेला सदरा घालून आला. हात पाठीमागे बांधून मशीनसमोर उभा राहिला, काचेत वाकून पाहिलं, मग सांगितल्याप्रमाणे नाणं टाकलं आणि बटण दाबलं. स्प्रिंग फिरली, पाकीट खाली आपटलं. खालची झडप ढकलून ते काढायला दादाला कमरेत वाकावं लागलं. “गिऱ्हाइकाला वाकायला लावतोस होय रे,” तो म्हणाला. आवाजात अजून थट्टा होती. मग म्हणाला, “आणि हे विचारतं काय?”

“काही नाही विचारत. तेच तर आहे दादा.”

“मग ह्याला कळणार कसं?”

“काय कळायचंय?”

“माणूस धड आहे की नाही ते.”

तिथं गप्प बसला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, असं बायकोचं मत. बारक्याला तसं वाटत नसे. कधीतरी ते निघणारच होतं. त्यानं पुलावरच्या बाईचं सांगितलं. तुझ्या विचारण्याला भिऊन ती ओझी वाहते आहे, म्हणाला, आणि ती एकटीच असेल असं समजू नकोस. दादानं हातातलं न फोडलेलं पाकीट मशीनच्या डोक्यावर ठेवलं, सदऱ्याला हात पुसले आणि रस्ता ओलांडून निघून गेला. ना शिवी, ना शाप. दुसऱ्या दिवशी आधी कोणी बोलायचं एवढंच राहिलं, आणि ते राहिलं ते राहिलंच. लग्नाकार्यात समोरासमोर आले तर दोघांतला एक पाणी प्यायला उठायचा. एकाच शहरात राहून दोन भाऊ किती पाणी प्यायले असतील ह्याचा हिशेब नव्हता. त्याला दादाकडून काही नको होतं. दुकानातला वाटा नको होता, माफी तर नकोच. एक वाक्य हवं होतं. बारक्या, तुझं बरोबर होतं. गाडी चालवताना तो ते वाक्य दादाच्या आवाजात ऐकून बघायचा, कधी रागानं म्हटलेलं, कधी हसत, कधी घसा खाकरून. मग आपण काय म्हणायचं तेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. आपण म्हणायचं, जाऊ दे रे दादा, असं काही नाही.

हॉस्पिटलमधलं मशीन मिळालं तेव्हा तर त्याची खात्रीच पटली होती. तपासणीच्या खोलीतून बाहेर पडलेली माणसं त्या कोपऱ्यात येऊन उभी राहायची, निमित्ताला कॉफी घ्यायची, भिंतीकडे तोंड करून प्यायची. त्या कोपऱ्यात त्यांना कुणी विचारत नव्हतं. इथं येऊन बघ म्हणावं दादाला, असं त्याला दर खेपेला वाटायचं. सगळ्या मशीनपैकी ह्याच मशीनसमोर तो दादाशी मनातल्या मनात सर्वांत जास्त भांडायचा. गेल्या आठवड्यातही भांडला होता. त्याच्या आदल्या आठवड्यातही.

वहिनी बाकावर होती. शाल घेतलेली, मांडीवर कापडी पिशवी, पाय एकमेकांवर. तिला न बघितल्यासारखं करून तो आधी मशीनपाशी गेला. वरच्या रांगेपासून खालपर्यंत एकेक स्प्रिंग बघितली. सगळी पाकिटं जागच्या जागी, एकही लोंबत नव्हतं. खालची झडप ढकलून बघितली, आत काही नव्हतं.

“कुठं अडकलीत बिस्किटं?” त्यानं मशीनकडे बघतच विचारलं.

“नाही अडकली,” वहिनी म्हणाली. “बसा भाऊजी.”

तो बसला. तिच्या शालीला औषधाचा वास येत होता.

“नंबर तुमचा आहे ते माहीत होतं मला,” ती म्हणाली. “ह्यांनी बजावलं होतं, बारक्याला कळवायचं नाही. नाही कळवलं. तक्रार करू नकोस असं काही म्हणाले नव्हते.”

त्याला हसू आलं. “कधीपासून?”

“झाले बरेच दिवस. पोटाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या मजल्यावर आहेत.”

“पण मी येतो इथं. दर आठवड्याला येतो. ह्याच बाकासमोर बसतो.”

“बघते ना. जिन्यातून बघते मी. तुम्ही मान वर करत नाही, आणि मला हाक मारायची बंदी.” तिनं पिशवीचे बंद सारखे केले. “जखम भरतेय म्हणतात डॉक्टर. जेवण जातंय. घरी न्या म्हणतील आता. पण भाऊजी, हे विचारत नाहीत हो.”

“काय विचारत नाहीत?”

“काहीच नाही. शेजारच्या खाटेवर एक माणूस होता, तो गेला, दुसरा आला. हे भिंतीकडे तोंड करून. सुई टोचणाऱ्या नर्सला नाव विचारलं नाही. मी काल मुद्दाम दिवसभर उपाशी बसले. समोर बसले त्यांच्या, पाणीसुद्धा नाही प्यायले. म्हटलं, जेवलीस का एवढं तरी विचारतील. नाही विचारलं.”

समोर मशीन घुमत होतं. एक माणूस आला, कॉफी घेतली आणि दोघांकडे पाठ करून उभा राहिला. वहिनीनं त्याला जाऊ दिलं.

“मला भीती वाटते,” ती म्हणाली. “डॉक्टरला सांगायला गेले तर म्हणाला, आजी, विश्रांती घेऊ द्या त्यांना. त्याला काय सांगू? ह्या माणसानं सासूच्या तिरडीपाशीसुद्धा खांदेकऱ्यांना विचारलं होतं, तुम्ही खाऊन आलात ना. तुम्ही वर चला. चला आणि भांडा. दुसऱ्या कुणाचं नाही जमणार ते. तुमच्या मशीनचं काढा काहीतरी. पेटतील. पेटू देत.”

“आणि त्यांना त्रास झाला तर?”

“होऊ दे की. तोच हवाय.”

मशीन भरून येतो, असं तो म्हणाला. त्यानं दार उघडलं, गाडीतून खोकं आणलं, आणि जिथं काही कमी नव्हतं तिथं भरू लागला. पाकिटं पुढे ओढायची, मागे ताजी सरकवायची. हात आपोआप चालत होते. इतकी वर्षं त्यानं ह्याच कोपऱ्यात, ह्याच काचेसमोर मुद्दे गोळा केले होते, एकाला एक जोडून ठेवले होते, आणि आज ते मुद्दे घेऊन वर जायची आज्ञा झाली होती. जिंकायला नव्हे, मार खायला. दादानं एकदा कडाडून म्हणावं, डबा तो डबा, त्याला मेल्याजिवंताचं काय कळतं, की झालं. मग वहिनी जेवेल. इतकं सोपं काम होतं. तरी त्यानं आणखी एक पाकीट सरकवलं. डोक्यावर टपली बसणार हे माहीत असून पोर गल्ल्यापाशी जातं, तसं त्याला वाटत होतं, आणि ती टपली बसावी म्हणून तो आतून हात जोडत होता. दोन पाकिटं उलटी बसली. ती त्यानं तशीच ठेवली आणि दार लावलं.

लिफ्टला गर्दी होती म्हणून ते जिन्यानं गेले. गुडघा प्रत्येक पायरीला बोलत होता. दाराशी पोहोचल्यावर त्यानं ते दुखणं लपवलं नाही. उलट होतं त्याहून जरा जास्तच लंगडत तो आत शिरला. रस्त्यापलीकडून चालणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पायातला काटा दादाला दुकानातून दिसायचा. खाट खिडकीपाशी होती. पांघरुणाखाली दादा इतका थोडा उरला होता की आधी त्याला वाटलं, खाट रिकामीच आहे. दाढी पांढरी वाढलेली, गालांत खड्डे. डोळे मात्र तेच. ते डोळे त्याच्यावर आले, त्याच्या लंगडणाऱ्या पायावर आले, आणि परत भिंतीकडे गेले.

“आलास,” दादा म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

“आलो.” त्यानं स्टूल ओढलं. वहिनी खिडकीशी जाऊन एक टॉवेल घडी करू लागली. तो वाट बघत बसला. गुडघ्यावर हात चोळला, आई गं म्हणाला, पाय लांब केला. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं विचारलं, गुडघा का हो? त्यानं मान हलवली. दादा भिंत बघत होता.

“खाली माझं मशीन आहे,” तो शेवटी म्हणाला.

“माहितीये.”

“जोरात चालतं. सगळ्यांत जास्त हेच चालतं. का, सांगू? इथं माणसांना कुणाशी बोलायचं नसतं. नाणं टाकलं, घेतलं, चालले. कुणाच्या आईचा खोकला काढायचा नाही की कुणाच्या पोराचा निकाल. तू म्हणायचास, त्याला कळणार कसं. कळायचं काय कारण आहे? मी आजही सांगतो दादा, माणसाला एकटं सोडता येणं हीसुद्धा माया आहे. तुझ्या दुकानात ते कुणाला कधी मिळालं नाही. कधीच नाही.”

त्याचा आवाज चढला होता, जरा नको तितका. वहिनीचे हात टॉवेलवर थांबले. दादानं मान वळवली. त्याचे डोळे बारक्यावर आले, आणि बारक्या आवळून बसला, आता येणार.

“बरोबर आहे तुझं,” दादा म्हणाला.

“काय?”

“तुझंच बरोबर होतं, बारक्या.” त्यानं दम घेतला. “इथं जो येतो तो विचारतो. कसं वाटतंय. झोप लागली का. दुखतं का. माणसं चांगली आहेत. पण नको होतं रे. त्या बाईला काय होत असेल ते आता कळलं.”

वाक्य आलं होतं. ठरवलं होतं तसंच, शब्दाला शब्द, घसा न खाकरता. तो आनंदाची वाट बघत बसला. आनंद आला नाही. दादा कधी हरला नव्हता. आभाळ भरलंय की नाही ह्यावरूनही नाही, पत्त्यांत नाही, सोयऱ्याधायऱ्यांत नाही. चुकलेला दिसत असतानासुद्धा तो शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवायचा आणि मग हळूच समोरच्याच्या मनासारखं करायचा. हा माणूस इतक्या सहज देऊन टाकतो आहे. दुकान बंद करताना उरलेला सुटा माल कुणालाही वाटून टाकावा तसा. आपण उत्तरादाखल काय म्हणायचं ठरवलं होतं ते त्याला आठवेना.

“नाही, नाही, तू ऐक,” तो घाईघाईनं म्हणाला. “अरे, डब्याला काय अक्कल असते? तू इथं वर होतास आणि मी तीन मजले खाली बिस्किटं भरत होतो. आठवडेच्या आठवडे. वहिनी जिन्यात उभी राहून बघायची मला. मी एकदा मान वर केली असती, एकदा कुणाला विचारलं असतं— विचारायला पाहिजे, दादा. तू सांगत होतास तेच खरं. ती बाई निदान पुलावर तरी कुणाला भेटली. माझ्या मशीनवर एखादं माणूस पडून राहिलं तरी ते आपलं घुमतच राहील. माझं चुकलं ते. सांग की मला, चुकलं म्हणून. बोल ना.”

“जाऊ दे रे,” दादा म्हणाला. “असं काही नाही.”

आणि त्यानं डोळे छताकडे लावले. वहिनीनं घडी केलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी करायला घेतला. तिनं बारक्याकडे बघितलं नाही, त्यानंही तिच्याकडे बघायचं टाळलं. त्याला इतकं थकल्यासारखं झालं की तिथंच खाटेच्या कडेला डोकं टेकावं. पण डोकं टेकून दादा काही पेटणार नव्हता. तो बोलू लागला. न विचारता, एकामागून एक. पोरीला नोकरी लागली म्हणाला, लांब आहे, एकटी राहते, आणि थांबला. कुठे, कसली, जेवणाचं काय करते, एवढे तीन प्रश्न मावतील इतकी जागा त्यानं सोडली. ती जागा तशीच राहिली. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणाला, आणि थांबला. घरमालक जागा खाली करायला लावतोय म्हणाला. हे खोटंच होतं, तेवढ्यापुरतं रचलेलं, कारण घरमालकाचं नाव काढलं की दादा बाह्या सरसावायचा. दादाचा हात पांघरुणावर होता तिथंच राहिला. शेजारच्या खाटेवरचा माणूस मात्र कोपरावर उठून ऐकत होता.

मग त्याला मांजर आठवली. कारखान्याच्या फाटकाशी जे मशीन आहे ना, तो म्हणाला, त्याच्या मागे ऊब असते, तिथं एक मांजर व्याली. मी मशीन ओढायला गेलो तर सगळे कामगार आडवे. म्हणे बिघडलं तर बिघडू दे, थंड पाणी नको आम्हाला, पण हलवायचं नाही. पाळी सुटली की एकेक जण मागे वाकून बघणार. मुकादमसुद्धा, जो कुणाशी धड बोलत नाही. पिल्लं चार. तीन धडधाकट, चौथं आपलं एवढंसं, दूधसुद्धा ओढता येईना त्याला. सगळे म्हणाले हे काही राहत नाही. तो सांगता सांगता पुढे झुकला होता, स्टुलाच्या अगदी टोकावर आला होता, आणि दादाच्या ओठांकडे बघत होता.

“आणि परवा काय झालं, माहितीये?” तो म्हणाला आणि थांबला.

दादाचे डोळे उघडे होते. त्याला ऐकू येत होतं. खालून कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. तो थांबून राहिला.

“काय झालं?” वहिनीनं विचारलं.